कौल न मिळालेल्या बागा

(मालवणात, निवृत्त शिक्षिका आनंदीबाईंच्या पडवीत. पौषातली दुपार. समोर त्यांचा भाचा गुरुदास आणि त्याची बायको विमला.)

आत्या : म्हणजे या कागदावरची नऊ नावं तुला ओळखीची वाटत नाहीत?

गुरुदास : वाटतत गो. नऊय बागवाले आसत. पण आत्ये, माका उत्तर होया. आंब्याच्या दलालाचो माणूस उद्या कर्जाचे उरलेले पैशे घेवन येतलो. तुझे वीस हजार ह्या वर्साक आसत काय नाय, तितक्या सांग.

आत्या : तुझ्या भागीत चौदा घरांचे पैसे आहेत. त्यातली बारा घरं "बाईंनी घातले, मग आम्हीपण घालतो" म्हणून आली. मला नुसतं हो-नाही सांगून चालत नाही. नावं वाच.

गुरुदास : ह्यो बाबली. ह्यो शंकर, आचऱ्याचो. ह्येंच्यो बागो आमी घेवक नाय. देवाचो कौल डावो इलो.

आत्या : बरोबर. तू मोहोर बघून बाग पसंत करतोस, मग देवळात कौल लावतोस. उजवी पाकळी पडली की हंगामापुरती बाग खंडाने घ्यायची, डावी पडली की सोडायची. अशा नऊ सोडल्यास.

गुरुदास : आणि त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, तीन वर्सा रुपयाचो दीड रुपयो करून दिलंय. सगळ्यांक.

आत्या : दिलास. म्हणूनच दिवाळीपासून एसटीने फिरले. नऊही जणांना विचारलं, त्या साली तुमच्या बागेचं काय झालं?

गुरुदास : कित्याक पण?

आत्या : नुसते पास झालेल्यांचे पेपर बघून वर्ग कसा शिकला ते कळत नाही म्हणून.

विमला : मगे काय झाला तेंचा, आत्यानू?

आत्या : आठ बागा तुमच्यासारख्याच पिकल्या. बाबलीची तर तुमच्यापेक्षा सरस. एकच पडली, ती माकडांनी खाल्ली.

गुरुदास : म्हणजे देव खोटो?

आत्या : देवाशी माझं भांडण नाही. त्या तीन वर्षांत तू डोळे मिटून कुठलीही बाग घेतली असतीस तरी चाललं असतं. माघ कोरडा गेला, मोहोर टिकला, मुंबईत भाव चढा राहिला. सगळी किनारपट्टी पिकली, तिच्याबरोबर तूही पिकलास.

गुरुदास : आणि मी काय नुसतो बसान होतंय? फवारणी कोणी केल्यान? पेटये कोणी भरल्यान?

आत्या : तू. शंकरच्या पेटीपेक्षा तुझ्या पेटीला तीन रुपये जास्त मिळाले, कारण तू डागी आंबा तळाशी लपवत नाहीस. ते तीन रुपये तुझ्या हाताचे. मी वेगळे लिहून ठेवलेत. बाकीचा नफा हवेचा.

गुरुदास : वायट वाटला माका ह्या आयकान.

आत्या : वाटणारच. लिहिताना मलाही वाटलं.

विमला : पण आत्यानू, नफो हवेचो म्हणान काय झाला? पैशे तर घरात इले.

आत्या : हवेने दिले ते हवा नेईल सुद्धा. यंदा किती बागा, गुरुदास?

गुरुदास : बावीस. गेल्या वर्साच्या दुप्पट. एक गेली, दोन गेल्यो, तरी वीस रवतत. धोको वाटलो गेलो.

आत्या : आहेत कुठे त्या?

गुरुदास : तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंत.

आत्या : सगळ्या दर्याच्या अंगाला. माघात चार दिवस ढग आले, पाऊस शिंपडला, तर मोहोर कुठल्या बागेतला करपेल नि कुठल्या बागेतला राहील?

गुरुदास : सगळोच करपतलो.

आत्या : मग कागदावर बावीस आहेत, ढगाला ती एकच बाग. आत कुडाळकडे का नाही घेतल्यास दोन-चार?

गुरुदास : थंय मोहोर उशिरा येता. आंबो बाजारात जायसर भाव उतारता.

आत्या : उशिरा येतो म्हणूनच तो ढग त्याला लागत नाही. कमी भाव घ्यायचा, थोडी झोप तरी लागते.

गुरुदास : बाबा पण दर्याच्योच बागो घेयत.

आत्या : दादा घ्यायचा. एका माघात त्याचं सगळं गेलं. पुढच्या पौषात तो परत मोहोर बघत फिरत होता, कारण पैसे त्याचे स्वतःचे होते. थोडे होते, पण मागायला दारात कोणी आलं नाही. तुझे यंदा अर्धे पैसे दलालाचे. पीक आलं की आधी कोणाचे फिटणार?

गुरुदास : तेचे.

आत्या : आणि निम्मंच आलं तर?

गुरुदास : तरी तेचेच आधी, पुरेच्या पुरे.

विमला : आणि आमच्या चौदा घरांचे?

गुरुदास : उरतीत ते.

विमला : उरतीत काय?

गुरुदास : नाय उराचे.

आत्या : नफ्यातला पाचवा हिस्सा तू घेतोस. तोट्यातला किती घेणार?

गुरुदास : माझी मेहनत जातली. अब्रू जातली, आत्ये. ह्या बाजारातसून मी चलतलंय कसो?

आत्या : ते खरंच. पण तुझी अब्रू चौदा घरांत वाटून कोणाचं पोट भरत नाही.

विमला : ह्येंका विचारून एक सांगतंय. सांगू काय ओ? काय तुमी सांगतास?

गुरुदास : तूच सांग.

विमला : बावीसातल्या सात बागांचो कौल डावो इल्लो. ह्येंनी दुसऱ्या दिवशी परत लावल्यानी. दोन बागांचो तिसऱ्यांदा. उजवो पडापर्यंत.

आत्या : का रे?

गुरुदास : पैशे जास्त झाले. पयल्या वर्सा सा बागो होत्यो, बघून बघून घेतलंय. आता दलालाचे पैशे इले, व्याज सुरू झाला, आणि चांगल्यो बागो आसत तितक्योच. पैशे नुसते ठेवन चलणा नाय. म्हणान मोहोर हलको होतो त्योय घेतलंय. माका भ्याव वाटता, आत्ये. सकाळी उठान पयला आबाळ बघतंय.

आत्या : हे आधी सांगितलं असतंस तर माझे एवढे एसटीचे धक्के वाचले असते.

गुरुदास : आता काय करू ता सांग.

आत्या : दलालाचे पैसे परत कर. अकरा बागा ठेव, ज्यांच्याकडे तुझं रोज लक्ष राहील त्या. त्यातल्या दोन सोडून कुडाळकडच्या दोन घे. आणि तोटा आला तर तो पहिला तुझ्या तीन वर्षांच्या पाचव्या हिश्श्यातून. हे असेल तर माझे वीस हजार राहतात.

गुरुदास : सोडलेल्या बागांक दिल्लो इसार बुडतलो.

आत्या : बुडेल. तोही तुझ्या हिश्श्यातून.

गुरुदास : आणि माघ कोरडो गेलो तर? दुप्पट नफो हातचो घालवलो म्हणान लोक माका खातले.

आत्या : तर त्यांना माझ्याकडे पाठव. म्हाताऱ्या मास्तरणीने भीती घातली म्हणून सांग. मी कुठे जात नाही.

विमला : आणि घरांक ह्या सगळा सांगूचा?

आत्या : आजच. किती बागा, कुठे आहेत, ढग आला तर काय होईल, तोटा कोणाचा. कौल तीनदा लावलास तेही. ऐकून ज्याला पैसे काढायचे असतील तो काढील.

गुरुदास : सगळेच काढतले.

आत्या : मग काढतील.

विमला : जावा तुमी. आज नाय गेलास तर उद्या तो माणूस येतलो, आणि मगे तुमी जावचास नाय.

गुरुदास : माका एकट्याक जमाचा नाय. आत्ये, तू वांगडा येतलंस?

आत्या : येतंय. चपला घालतंय, थांब. पयला सावित्रीकडे जावया.

गुरुदास : सावित्रीकडे? ती नारळ सोलणारी? तिचे पाचशे रुपये, भागीत सगळ्यांत कमी. तिच्याकडे पयला कित्याक?

आत्या : तिच्याकडे तितकेच आसत रे.