पाच दिवसांचं शिक्षण अर्ध्या दिवसात

सभाध्यक्ष सीतारामराव, आज ज्यांचा निरोपाचा सत्कार आहे ते आमचे गोडाऊन मॅनेजर व्यंकटरमणराव, त्यांच्या सौभाग्यवती गंगाबाई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि तंजावरच्या आपल्या मराठी मंडळींनो, सर्वांना कनकलताचा नमस्कार.

मी त्याच गोडाऊनात फोर्कलिफ्ट चालवायला शिकवते. व्यंकटरमणरावांविषयी चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलंय. बोलते. अकरा वर्षांत त्यांनी एकही लॉरी दुपारनंतर थांबू दिली नाही. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंतचे राइस मिलवाले त्यांचं नाव आदरानं घेतात. टाळ्या वाजवा, मी थांबते.

पण हा वेळ वाचला कुठून, ते सांगायला नको का? फोर्कलिफ्टचं शिक्षण पाच दिवसांचं. आधी वर्गात, मग रिकाम्या यंत्रावर, मग भार घेऊन, शेवटी परीक्षा. आणि दर खेपेला पहिल्याच दिवशी दहा वाजता हे मॅनेजरसाहेब दारात हजर. "कनकलता, लॉऱ्या उभ्या आहेत गे. जेवणाआधी सोड सगळ्यांना. चालवता येते ना? सरी, ठीक आहे, मग झालं." मी चिडायचे, पत्रं लिहायचे आणि शेवटी प्रमाणपत्रांवर सही करायचे. दसऱ्याच्या आयुधपूजेला मात्र यंत्रं दोन दिवस उभी. किती वजन उचलावं ते सांगणाऱ्या पाटीवरच चंदन-कुंकू थापलेलं, वर्षभर कोणी पुसत नाही. ती पाटी वाचायला शिकवते म्हटलं, तर वेळ नाही.

मागच्या रांगेत कुबडी घेऊन बसलाय तो जयतीर्थ, आपल्यातलाच. मार्चमध्ये त्यानं उचललेला भार जास्त झाला, यंत्राची मागची चाकं उचलली जाऊ लागली. म्हणून दोन हमालांना मागे चढवलं. असं माणसांचं वजन टाकायचं नसतं, हे आम्ही तिसऱ्या दिवशी शिकवतो. वळताना यंत्र कलंडलं. हमाल बाजूला पडून वाचले. कलंडताना पट्टा बांधून आतच बसून राहायचं, उडी मारायची नाही, हे चौथ्या दिवशी. जयतीर्थला जन्मभर मोपेडची सवय, ती कलली की उडी मारायची. त्यानं उडी मारली आणि पाय यंत्राखाली गेला.

अहवालात व्यंकटरमणरावांनी लिहिलं, चालकाचा हलगर्जीपणा. त्यावर त्याची नोकरी गेली. ज्याला चौथा दिवस मिळालाच नाही, त्याचा कसला हलगर्जीपणा? सहा महिने मला याचा राग येतोय. निम्मा राग माझ्यावरच आहे, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर सही माझी आहे.

व्यंकटरमणराव, मंगळवार संध्याकाळपर्यंत मॅनेजर तुम्हीच. मी वरच्या ऑफिसला द्यायचं पत्र लिहून आणलंय. जयतीर्थला पुरतं शिकवलं नव्हतं, चूक त्याची नाही, आपल्या दोघांची आहे. माझी सही केलीय. खाली तुमच्यासाठी जागा सोडलीय. बुधवारी तुमच्या सहीला कोणी विचारणार नाही.

मंडळींनो, एवढा वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. गंगाबाई, तुमच्या आनंदाच्या दिवशी हे बोलले, मला माफ करा. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. पत्रात मात्र काही कमीजास्त नाही. ते इथे टेबलावर ठेवते.