सरळ की वाकडं

छे छे, दुखत नाही आता काका, दुखायचं होतं ते दुखून झालं, आता फक्त ठरवायचं राहिलंय — तुमची ही काठी जरा देता? नुसतं सांगून कळायचं नाही. हा बाक म्हणजे टेबल समजा, आणि काठी म्हणजे क्यू — पूल खेळतात ना, बॉल ठोकायची काठी. ती नुसती उजव्या हाताने ढकलून चालत नाही, पुढे डाव्या हाताचा टेकू लागतो, त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. त्याच्या दोन तऱ्हा. हा उघडा — पंजा टेकवला, अंगठा जरा वर उचलला, त्या खाचेतून काठी सरकवली, झालं. आणि दुसरा बंद — त्यात अंगठ्याशेजारचं बोट काठीवरून गोल वळवायचं, अंगठ्याला भिडवायचं, कडं करायचं कडं, म्हणजे कितीही जोरात मारलं तरी काठी उडत नाही — मला आता करून दाखवता येत नाही, हे बोट असं — तुमचंच द्या बघू. हां. वळवा. अस्सं. वा, छान वळतं हो तुमचं, या वयात!

माझ्या या बोटाच्या मधल्या सांध्याचा चुरा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, सांधा वाचत नाही, हाडाला हाड जोडून टाकू, पुढे कधी दुखायचं नाही, पण ज्या कोनात जोडू त्याच कोनात बोट जन्मभर राहील. आणि मग विचारतात कसं — तुम्ही काम काय करता, त्याप्रमाणे ठरवू, सरळ हवं की वाकडं? शिंप्याने विचारावं ना, बाही अर्धी की पूर्ण, तसं! सरळ जोडलं तर उघडा ब्रिज, वाकडं जोडलं तर बंद, पुन्हा बदल नाही. आता आत गेलो की सांगायचं, उद्या सकाळी ऑपरेशन. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, वाकडं करून घ्या, नाहीतरी सरळ बोटाने तूप निघत नाही. मीही तेच म्हणालो असतो. माझा पूलचा हॉल आहे काका, सहा टेबलं, वीस वर्षं शिकवतोय, आणि भिंतीवर पाटी लावलीये, मीच रंगवलेली — ‘उघडा ब्रिज म्हणजे आळशाचा ब्रिज’. माझा बंद ब्रिज बघायला शेजारच्या टेबलावरचे लोक खेळ थांबवायचे. खोटं नाही सांगत.

कसं झालं? दार लागलं. वाऱ्याने. वाऱ्याचं काय, कधी सुटेल सांगता येतं का — जाऊ दे ते.

मुलगी आहे मला. एकच. सतरा पूर्ण होतील. खेळते, माझ्यापेक्षा चांगली, हे मी तिला कधी सांगितलं नाही ती गोष्ट वेगळी. बोटं आखूड तिची, आईवर गेलीये, कडं नीट बसत नाही, काठी अडकते. म्हणायची, बाबा, मला उघडाच बरा पडतो, नेम दिसतो. मी ऐकतोय? नऊ वर्षांची असताना मी तिचं बोट बांधलं काका. जाड दोऱ्याने. वळवून अंगठ्याला बांधायचं, तासभर, रोज, म्हणजे सवय लागेल. वळ उठायचे. रडायची नाही हो ती. रडली असती तर — तर काय, तरी बांधलंच असतं. असं बघू नका माझ्याकडे.

गेल्या महिन्यात तिची फायनल होती. शेवटचा काळा बॉल, लांबचा, जोर लागणार — आणि हिने पंजा टेकवला. उघडा! माझ्यासमोर. आणि बॉल गेला. जिंकली. लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, आणि गाडीत बसल्यावर मी काय म्हणालो माहितीये? ‘ब्रिज उघडा होता.’ एवढंच. शाब्बास नाही, काही नाही. कप मांडीवर होता तिच्या. सिग्नलला गाडी थांबली, ती उतरली, मी थांब थांब म्हणत डावा हात घातला, आणि तिने दार — हो. गाडीचं. गाडीच्या दाराला कसला आलाय वारा, काका. पण तिने बघितलं नव्हतं. आईशपथ, माझा हात बघितला नव्हता तिने.

तेव्हापासून क्यूला शिवली नाही. माझ्या शर्टाची बटणं लावते, बुटाच्या नाड्या बांधते, बोलत नाही. आता सांगा, वाकडं करून घेतलं तर रोज सकाळी बटणं लावताना तिला तेच दिसणार — वळवून बांधलेलं बोट. सरळ करून घेतलं तर वाटणार, बाबांचा ब्रिज मी मोडला. इकडे आड, तिकडे विहीर. मघाशी फोन केला तिला — आलीये ती, खाली आहे, वर यायला तयार नाही — म्हटलं, बाळा, तू सांग, सरळ की वाकडं? म्हणाली, ‘तुम्हीच ठरवा. नेहमी तुम्हीच ठरवता.’ रागाने नाही हो. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला नाही ठरवता येत काका. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं, आणि —

थांबा. ही खिडकी. ती बघा, फाटकाजवळ कठड्यावर, पिवळा शर्ट — तीच. काय करतेय? केस मोकळे — केसांचा रबर बोटांना गुंडाळलाय. स्वतःच्या. पंजा कठड्यावर टेकवलाय, आणि माझी छत्री, माझी छत्री क्यूसारखी मागेपुढे — काका, ती बघतेय. बोट जखडलं तर काय जमतं नि काय नाही, ते माझ्यासाठी करून बघतेय ती. कसं बांधलंय? शेजारच्या बोटाला, सरळ? की अंगठ्याला? तीन मजले आहेत, मला नाही दिसत — तुम्ही बघा ना. चष्मा घरी? अहो, चष्मा घरी ठेवून दवाखान्यात येतं का कुणी!

हो हो, सात नंबर मीच, आलो बाई — नाही. नाही. आठ नंबर तुमचाच ना काका? मग जा तुम्ही. अहो जा, मला आधी खाली — काठी? ही घ्या काठी. जा.