आमच्या मोरीतला मध्यबिंदू

आटपाट नगर होतं म्हणतात ना गोष्टीत, तसलं काही आमचं नव्हतं हो! आटपाट कसलं डोंबलाचं, नुसता चिकटा! त्या चिकट्यात राहत होती एक म्हातारी, म्हणजे मी, एक तिचा मुलगा, तो शिंपी, एक तिची सून, तिला काजंबटणांचा असा हात की बघत राहावं, आणि एक नात, पुस्तकात नाक खुपसून बसलेली. चौघं जण, दोन खोल्या. गोष्ट इथवर बरी आहे. पुढं सगळी घाण आहे, आधीच सांगून ठेवते, मागाहून पदर नाकाला लावून मला बोल लावू नका.

तुम्हाला सांगते, मी शाळेची पायरी चढले नाही, पण या शहराचा भूगोल मला नाकानं पाठ आहे. माझे डोळे बांधा, कुठंही नेऊन उभी करा, एक श्वास घेते आणि सांगते कुठं आहे ते! पूर्वेला दगडाची खाण होती. दगड संपला, खड्डा उरला, त्यात हिरवंगार पाणी साचलं, त्याला आता तलाव म्हणतात. तलाव! बेडूकसुद्धा त्यात पाय घालायच्या आधी दोनदा विचार करतो. पश्चिमेला कापड रंगवायचा कारखाना, त्याचा नाला सोमवारी लाल, मंगळवारी निळा, बुधवारी असा काही की त्या रंगाला नावच नाही. आमची नात लहानपणी वार ओळखायची ते नाला बघून! उत्तरेला कचऱ्याचा डोंगर. बाकीचे डोंगर म्हणे झिजतात, आमचा वाढतो. आणि दक्षिणेला महामार्ग, त्याच्या पलीकडे ते मोठं शहर, आमच्याकडे पाठ करून बसलेलं, नको असलेलं सगळं खांद्यावरून मागं फेकणारं... आणि मागं कोण? आम्ही! शहर म्हणे! शी!

बरं, लोकसंख्या. वेशीवर पाटी आहे, एक लाख आठ हजार. नुसता आकडा लिहून काय कळतं हो? त्यातले थुंकतात किती ते लिहा की खाली! आणि एवढी माणसं राहतात कुठं? तर सगळी दक्षिणेला, महामार्गाला गोचिडीसारखी चिकटून, कारण सकाळी उठून मोठ्या शहरात कामाला पळायचं असतं. एकावर एक इमारती, एकाच्या गॅलरीतून दुसऱ्याच्या ताटात पाणी ठिबकतंय. वरच्या अर्ध्या शहरात खड्डा, नाला, डोंगर, आणि मधोमध आमची जुनी गल्ली, तेवीस घरं. सगळ्यात आधी वस्ती झाली ती आमची, आणि सगळ्यात आधी विसरले तेही आम्हालाच. गिऱ्हाईक आमच्याकडे कशाला येतंय? म्हणून चाळीस वर्षं मीच दारोदार फिरले. मापं घ्यायची, कपडे शिवून झाले की पोचवायचे. आधी नवऱ्यानं शिवलेले, मग मुलानं शिवलेले. कोणत्या इमारतीत किती बिऱ्हाडं, कोणत्या घरात किती माणसं, कुणाची छाती किती आणि कुणाचं पोट कुठवर गेलंय, सगळं मला तोंडपाठ! तेवढ्यासाठी किती जिन्यांवरच्या पिचकाऱ्या ओलांडल्यात ते विचारू नका. जेवायचं आहे मला अजून.

तर एक दिवस काय झालं, मी मोरीत कपडे धूत होते. मोरी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघाभर कट्टा घातलेली, बादली ठेवली की माणसानं उभं राहायचं, माणूस बसला की बादली बाहेर, एवढीशी. तर मागून आवाज, "आजी, जरा सरकता का?" बघते तर एक काडीसारखा माणूस, हातात फीत, खांद्यावर तीन पायांची दुर्बीण, बुटाला डोंगरावरचा कचरा चिकटलेला, आणि तसाच स्वयंपाकघरात! म्हटलं, "कोण रे तू? आणि बूट?" तर म्हणतो, "मी मोजणीवाला. शहराचा मध्यबिंदू तुमच्या मोरीत आलाय."

आलाय! जसा काही पाहुणाच!

माझ्या हातात मुलाची ओली पँट होती, ती तशीच हाणणार होते मी, पण सून मधे पडली. "अहो सासूबाई, ऐकून तर घ्या." ऐकलं. ऐकलं ते असं, की आमचे नगराध्यक्ष, ते पांढऱ्या बुटांचे, अंगाला एवढं अत्तर लावतात की त्यांच्यामागून नाल्याचा वास बरा वाटावा, ते कुठल्याशा शहरात फिरायला गेले होते. तिथं म्हणे भर मध्यावर एक स्तंभ आहे, त्याच्यापासून सगळी अंतरं मोजतात. झालं! लगेच आपल्यालाही हवा! स्तंभ, भोवती बाग, बागेत बाक. "शहराला मध्य नाही म्हणजे माणसाला बेंबी नाही!" असं भाषणात म्हणाले. म्हणून या काडीनं शहराचा नकाशा काढला, पुठ्ठ्यावर चिकटवून कापला, तो पुठ्ठा सुईच्या टोकावर तोलला, जिथं तोलला तो मध्य. आणि तो कुठं? माझ्या मोरीत! तिथं बसून त्यानं पितळेचा खिळा ठोकला फरशीत. चौथ्या दिवशी त्यावरून माझा पाय घसरला, ते वेगळंच.

मागोमाग कागद आला. नातीनं वाचून दाखवला. घर महिन्याभरात रिकामं करा, तुम्हाला दुसरी जागा देण्यात येईल. कुठं? उत्तरेला. डोंगराच्या पायथ्याशी! तुम्ही सांगा, कचऱ्याच्या डोंगराखाली शिंप्याकडे कोण येणार नवी चोळी शिवायला? कापडाला वास लागतो हो, वास! दोन दिवस तागे ठेवले तर तिसऱ्या दिवशी घडी उलगडवत नाही. मुलगा मशीनवर बसला होता, पायडल थांबलं. म्हणाला, "आई, तिकडं गेलो तर मशीन विकावी लागेल." एवढंच. आणि पुन्हा दोरा ओवायला लागला, तर तो ओवलाच जाईना.

तुम्हाला सांगते, मला अन्न गोड लागेना. आणि इकडं अध्यक्षांची घाई! घर अजून उभं, आम्ही घरात, चूल पेटलेली, आणि यांनी शहरभर पत्र्याच्या पाट्या लावल्यासुद्धा! महामार्गापासून आमच्या दारापर्यंत, प्रत्येक कोपऱ्यावर बाण आणि अक्षरं, 'शहराचा मध्यबिंदू'. पाट्या एकशे चाळीस! नाला झाकायला पत्रा मागितला होता आम्ही, तेव्हा पत्रा शिल्लक नव्हता. शहर म्हणे! शी!

पलीकडची शेजारीण आली सांत्वनाला. सांत्वन कसलं, जागा बघायला! "आता तुम्ही जाणारच, तर ती खिडकीची जाळी..." म्हटलं, "बाई, मी अजून मेले नाही, जाळीला हात लावू नकोस." ती गेली, आणि मी नातीला म्हटलं, "तो पुठ्ठा सुईवर तोलतात म्हणजे काय करतात गं?"

नात हुशार. तिनं वडिलांचा पुठ्ठा घेतला, कोटाच्या मापाचा, त्यावर शहर काढलं, कातरलं. दिसायला अगदी धुवून आटलेल्या पायमोजासारखं! मग दाभणाच्या टोकावर ठेवून दाखवलं. "बघ आजी, चारी बाजूंनी वजन सारखं झालं की इथं थांबतं." आणि खरंच थांबलं हो, आमच्या गल्लीवर! मी बघत राहिले. खड्डा वजनात धरलाय, डोंगर धरलाय, नाला धरलाय... म्हटलं, "अगं, यात माणसं कुठं आहेत?"

"माणसं नाहीत आजी. ही नुसती जमीन."

"मग घाल की माणसं!"

मुलाचा बटणांचा डबा काढला. हजार माणसांना एक बटण, म्हणजे एकशे आठ बटणं, सगळी शर्टाची, एका मापाची. अध्यक्षांच्या रस्त्याला कोटाचं बटण लावत होती सून, सवयीनं, तिला म्हटलं, काढ, तिथंही शर्टाचंच! मी डोळे मिटून एकेक गल्ली आठवत गेले, चाळीस वर्षं चढलेले जिने मनात पुन्हा चढले, नात खळीनं बटणं चिकटवत गेली. डोंगराला एकही नाही. खाणीला एकही नाही. आमच्या तेवीस घरांना मिळून एक, तेसुद्धा नातीनं कुरकुर करत दिलं. दक्षिणेला मात्र बटणावर बटण! पुन्हा दाभणावर ठेवलं, तर पुठ्ठा धपकन दक्षिणेला कलंडला. दाभण सरकवत सरकवत नेलं... आणि थांबला. नातीनं वाकून बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला.

हरकती ऐकायच्या दिवशी मी पुठ्ठा पदराखाली घेऊन नगरपालिकेत गेले. सभागृहात काय तो वास! ओल आलेल्या भिंती, अत्तर, आणि जिन्याच्या कोपऱ्यातली ती... जाऊ द्या. अध्यक्ष वर खुर्चीवर, काडी बाजूला, खाली दोनशे माणसं. माझा नंबर आला.

"बोला आजीबाई, काय हरकत आहे? शहराच्या गौरवासाठी थोडं सोसायला हवं!"

म्हटलं, "सोसते साहेब. फक्त एक सांगा. शहर दगडांचं का माणसांचं?"

समोर दोनशे माणसं बसलेली, मग काय विचारता! उठलेच ते, छाती फुगवून, "शहर हे माणसांचं! माझ्या एक लाख आठ हजार माणसांचं!" टाळ्या. मी टाळ्या संपेपर्यंत थांबले.

"मग या तुमच्या मोजणीवाल्यानं माणसं सोडून कचरा का तोलला?" आणि पुठ्ठा ठेवला टेबलावर.

"हा काय खेळ मांडलाय?" म्हणाले, पण खालून लोक ओरडले, "बघा की! बघा की!" काडीनं आपली यादी काढली, वस्तीवस्तीचे आकडे माझ्या बटणांशी ताडून बघितले. एकच बटण इकडचं तिकडं निघालं. मलाही आठवलं, तिथल्या चाळी उन्हाळ्यात पाडल्या, हजारभर माणसं पलीकडच्या इमारतींत राहायला गेलीत. बटण हलवलं. मग त्यानं आपल्या हातानं दाभण धरलं. पुठ्ठा डुलला, डुलला, थांबला. काडीनं नकाशा काढला, पट्टी लावली, पुन्हा लावली, घाम पुसला.

"जागा सांग ना!" अध्यक्ष.

"साहेब... आपला बंगला."

"बंगल्याजवळ कुठं?"

"जवळ नाही साहेब. आत. नव्या जिन्याची तिसरी पायरी."

तो जिना गुळगुळीत पांढऱ्या दगडाचा, महिनाभरापूर्वीच झालेला! मी म्हटलं, "खिळा आहे माझ्याकडे, पितळेचा. काढून देते."

दोनशे माणसं अशी हसली की छताची पोपडी पडली खाली. आणि अध्यक्ष? पाणी प्यायले, रुमालानं कपाळ टिपलं, आणि म्हणाले, "विचाराअंती असं दिसतं की स्तंभामुळे रहदारीला अडथळा होईल. योजना रद्द." विचाराअंती! एक घोट पाण्यात केवढा विचार!

घरी आले, मुलाला म्हटलं, "मशीन पूस." त्यानं पुसली, तेल घातलं, आणि इतक्या जोरात पायडल मारलं की शेजारीण बघायला आली. तिला म्हटलं, "जाळी आहे जागेवर."

इथं संपायला हवी होती ना गोष्ट? पण या शहरात कुठली गोष्ट धड संपते? स्तंभ रद्द झाला, पाट्या राहिल्या! पाट्या लावणारं खातं वेगळं, काढणारं खातं वेगळं, आणि काढणाऱ्या खात्यात माणूसच नाही. एकशे चाळीस बाण, सगळे आमच्या दाराकडे. लोक यायला लागले हो! महामार्गावरून उतरून, बाण बघत बघत, बायकापोरं घेऊन. दारात येऊन विचारतात, "मध्यबिंदू कुठाय?" मुलगा म्हणतो, "हाच." ते इकडं बघतात, तिकडं बघतात, बघण्यासारखं तर काहीच नाही, एवढं चालून आल्याची लाज वाटते, मग म्हणतात, "बरं, ही पँट जरा आखूड करून द्याल का?" आखूड करता करता नवी शिवायला टाकली, त्याचं बघून मेव्हण्यानं टाकली... एका मशीनच्या तीन झाल्या. सून एकीवर बसते, दोन बाया हाताखाली आहेत. मुलगा आता शिवताना गुणगुणतो, माझ्या उभ्या आयुष्यात त्याचा आवाज सुरात ऐकला नव्हता. नातीला मोठ्या शहरातल्या कॉलेजात घातलंय, नकाशांचंच शिकते. आणि दारोदार फिरलेली मी, मी आता खुर्चीवर बसून गिऱ्हाइकाला म्हणते, "थांबा, नंबर आहे!"

पण तुम्हाला सांगते, काय ती माणसं! एक लाख आठ हजारांतली निम्मी तरी माझ्या घरातून गेली असतील. कुणी भिंतीला तेलकट डोकं टेकतं, कुणी मशीनखाली शेंगांची टरफलं टाकतं, आणि प्रत्येकाला आत येऊन मोरी बघायचीच असते! परवा एक जण तर कुटुंबासकट कट्ट्याला टेकून फोटो काढत होता, आणि माझी ओली चोळी दोरीवर, त्याच्या डोक्याशी! शहर म्हणे! शी!

सून म्हणते, "सासूबाई, कुरकुर पुरे झाली, भाग्य चालून आलंय घरात." आलंय ना, मी कुठं नाही म्हणते? इतकी वर्षं वाट बघितली त्याची, आता आलंय तर घालवू कशी? आलं बापडं... पण चपला न काढताच आलं हो, सगळी फरशी मलाच पुसावी लागते!