पुलाखालची खुर्ची

छे छे, हात नाही थरथरत माझा, साहेब – दुकान थरथरतंय. वरून गाडी चाललीय. मान अशीच ठेवा, वस्तरा बाजूला घेतलाय मी. हां... गेली. आरसा अजून हलतोय बघा – आणि पूल मजबूत म्हणता? असेल बुवा. तुम्ही तपासायला आलेले, मघाशी खाली उभं राहून, मान वर करून पाहिलंत की चांगलं! मी रोज पाहतो, पण मला कुठं काय कळतंय? मला आपलं टाळूवर पडलं की कळतं. काय पडतं म्हणजे? बोल्ट पडतात, पुलाचे. दुकानाच्या पत्र्यावर – ठण्णकन! पहिला पडला तो घेऊन गेलो होतो तुमच्या कचेरीत. तिथले थोरले साहेब म्हणाले, हा पुलाचाच कशावरून? खरंच की, बोल्टाला काय आडनाव असतं? पण दखल घेतली हं, नाही म्हणू नये – पुलाला रंग लावला. काय झळकतो! आता त्याच्यावरून जलद गाडी सोडायची, मंत्री झेंडा दाखवणार, म्हणून तुमची सही हवी – आणि सहीआधी दाढी. बरोबर आहे, फोटो निघणार.

पुढचे बोल्ट? टाकून कसे देऊ, चांगलं पोलाद ते! तुम्ही बसलात ना, ही खुर्ची आधी डुगडुगायची. आता चारही पाय पुलाच्या बोल्टांनी आवळलेत – हलते का बघा. अहो, उठू नका, अर्धी दाढी राहिलीय! खुर्चीला काही होत नाही. व्हायचं ते वर होईल.

हसतोय खरा मी – पण धाकटी लेक माझी रोज याच पुलावरून कामाला जाते. संध्याकाळी तिची परतीची गाडी पुलावर आली, की ती ओलांडून जाईपर्यंत मी कुणाच्या गालाला वस्तरा लावत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, किती जपतो हा आपल्याला! कसलं जपणं – घाबरतो मी, साहेब. बायकोजवळसुद्धा बोललो नाही कधी. तुम्हाला का सांगत बसलो कुणास ठाऊक.

झाली. तोंड पुसा. पैसे राहू द्या. तुम्ही मोटारीनं आलात ना? मग सही आज नका करू. उद्या माझ्या लेकीच्या शेजारी बसून पुलावरून जा, आणि पलीकडे उतरून करा खुशाल. काय म्हणालात? वरून हुकूम आहे? असणारच, वरून काय काय –

थांबा. बोलू नका जरा. ही तिची गाडी.