परूजलला गेलेला दिवाळी अंक

तुम्ही दिवाळी अंक विकत आणून कपाटात ठेवता, म्हणून सांगतो. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास आम्ही बदलीवर कलकत्त्यात होतो. पुण्याहून पोस्टाने एकच अंक यायचा आणि तो सगळ्या मराठी घरांतून फिरायचा. त्या वर्षी अंकात झकास रहस्यकथा होती. पण बायकोचा शिष्टाचार आडवा आला. "आधी तुम्ही वाचा हो, मला काय घाई!" म्हणत तिने अंक न वाचताच बालीगंजच्या जोशीवहिनींना दिला. तिथून तो पार बराकपूरपर्यंत गेला आणि चैत्रात परत आला. कव्हर गायब, पाककृती कापलेल्या, शब्दकोड्यात चौघांची अक्षरं आणि रहस्यकथेचं शेवटचं पानच नाही! बायको माझ्याशी बोलेना. माझा काय संबंध, ते विचारू नका.

मी तो अंक ऑफिसात घोषसाहेबांना दाखवला. साहेबांना इंग्रजी शब्दांची मुळं खणायचं भारी वेड. फायलीवर 'फॉर परूजल' दिसलं की हटकून सांगायचे, "आपण 'परूज' म्हणजे वाचणं समजतो. मुळात त्याचा अर्थ होता, वापरून वापरून संपवणं."

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी अंक जपून उलटसुलट केला आणि म्हणाले, "फायलींवर नुसते शेरे असतात, देशपांडे. खरं परूजल आज पाहिलं!"

घरी येऊन मी हे कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, "साहेबांना म्हणावं, अर्थ कळला. आता खून कोणी केला तेवढं सांगा."