आत्याचा हात धरला तेव्हा

मी वसईजवळच्या जूचंद्र गावचा. आजा मिठागरावर, बाप भातशेतीत नि भात नसलं की मिठागरावरच, आनि मी डॉक्टर. गावातले अजून दोघंचौघं शिकले, पन ते ठान्या-मुंबईला गेले, गावात दवाखाना टाकनारा मी पयला. दवाखाना म्हंजे काय, आमच्याच घराची ओटी, मधे पडदा. आनि पेशंट कसे, काय सांगू तुम्हाला, साध्या सर्दीलापन इंजेक्शन पायजे, गोळी लिहून दिली तर म्हनतात, पोरा, तुला सुई मारायला शिकवलं नाय काय? टीव्हीवर मॅच असली की ओटी रिकामी, आनि आपला मेन बॅट्समन आऊट झाला की लगेच सगळ्यांना ताप भरतो. मला राग लवकर येतो, पन या लोकांवर किती वेळ रागवनार, सगळे काका नि मामाच.

क्रिकेट ठीक आहे, पन गावाचा खरा जीव कबड्डीत. भात कापून झालं की शेतातली ढेकळं फोडायची, पानी मारायचं, मैदान तयार. मीपन खेळायचो, कोपऱ्याला, डॉक्टर झालो तशी आय म्हनाली, पुरे आता, हात मोडलास तर सुई कोन मारनार, मग बाहेर खुर्चीवर बसायला लागलो. चढाईला आमचा भास्करदादा, माझ्या आत्याचा मुलगा. आत्या गावातच दिलेली, म्हनून आम्ही एका ताटातच वाढलो म्हना. दादा चढाईला गेला की समोरचे सातच्या सात मागं सरकायचे, खोटं नाय सांगत.

आता आत्याचं सांगतो, नायतर पुढचं कळनार नाय. तिच्या हाताला गुन होता. मिठाच्या पाट्या उचलून कोनाचं पोट धरलं की लोक म्हनायचे बेंबी सरकली, चला आत्याकडे. ती उतानं झोपवनार, बेंबीवर पिठाचा दिवा पेटवनार, वर तांब्या पालथा घालनार, मग तेल लावून पोट असं रगडनार की मानूस बोंबलेल. लहानपनी माझंपन रगडलंय. बरं वाटायचं, कशाला नाय म्हनू.

तर त्या वर्षी फायनलला मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आलेले, खेळाडू बघायला. खेळावर कायमची नोकरी. आले होते ते दादासाठीच, गावातल्या कुत्र्यालापन ठाऊक होतं. मिठागरं तेव्हा बंद पडत चाललेली, दादाच्या हाताला दुसरं काम नव्हतं, ही नोकरी म्हंजे त्याच्या घराचं सगळंच. मध्यंतराच्या जरा आधी दादाची पकड झाली, तिघं अंगावर, एकाचा गुडघा डाव्या बरगडीखाली बसला. दादा उठला, हसलापन. मध्यंतराला बाहेर येऊन बसला नि म्हनाला, पोटात जरा धरलंय, पन हा डावा खांदा का रे दुखतोय? मी म्हटलं, खांद्यावर पडलास काय? म्हनाला, नाय रे, खांद्याला कोनी शिवलंपन नाय.

मी खुर्ची सोडून त्याच्यापुढं बसलो. बरगडीखाली डाव्या बाजूला प्लीहा असते, ती फुटली की रक्त आत पोटात साठतं आनि दुखतं कुठं, तर खांद्यात. नाडी बघितली, धावत होती. हात गार, ओठ पांढरे. पन तुम्हाला सांगतो, पुस्तकात वाचलेलं नि समोर आपला दादा बसलेला, यात लय फरक आहे. मनात येत होतं, चुकलो तर? नुसता मार असला तर? साहेब समोर बसलेत, नोकरी जाईल, नि मी या गावात तोंड कुठं दाखवनार?

तेवढ्यात गर्दीतून आत्या आली, हातात तेलाची वाटी, कोनीतरी सांगितलं असनार भास्करची बेंबी सरकली. दादाला आडवं केलं, तेल ओतलं, आनि ती पोटावर हात टेकनार तोच मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, आत्या, हात लावू नको. ती म्हनाली, बाबू, सोड. मी म्हटलं, नाय सोडनार, चोळलंस तर मरेल तो. एवढं मोठ्यानं म्हटलं की सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मग एकदम चालू, दोन बुकं शिकला नि आत्याचा हात धरतो! दादा उठून बसला, माझी कॉलर धरली, म्हनाला, मला खेळू दे, तुझ्या पाया पडतो, दोन चढाया दे फक्त. मी पंचाकडे गेलो, म्हटलं हा खेळनार नाय, लिहून घ्या. साहेब उठून उभे राहिले. कोनी मला धक्का मारला, कोनी काय बोललं, ऐकलंच नाय.

भाजीच्या टेम्पोत घातला त्याला. निघालो तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी, संपता संपेना, डबा गेला की डबा. दादाला घाम, डोळे मिटायला लागला, मी हाका मारतोय, शिव्या घालतोय, झोपू नको रे, झोपू नको. आत्या उशाला बसलेली, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले.

वसईला ऑपरेशन झालं. पोट रक्तानं भरलेलं, प्लीहा काढून टाकली. वाचला. बाहेर बाकड्यावर आत्यानं विचारलं, बाबू, मी चोळलं असतं तर? मी म्हटलं, आत्या, चहा घे. तिला कळलं. त्यानंतर तिनं कोनाच्या पोटाला हात लावला नाय, लोक येतात अजून, ती माझ्याकडे पाठवते.

नोकरी गेलीच. फायनल हरलो. साहेब दुसऱ्या गावचा पोरगा घेऊन गेले. दादा आता नायगाव स्टेशनला रिक्षा चालवतो. तिथं टॉवर उठतायत, धंदा बरा आहे. पन रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसतो नि पेशंटांना सांगतो, हा बघा, यानं माझी नोकरी खाल्ली, दोन चढाया दिल्या नाय मला, तुम्ही याच्याकडे औषध घेता? नवीन पेशंट बिचारे घाबरतात. मी म्हनतो, बोलू दे. तुम्हाला खोटं वाटेल, पन ज्या दिवशी तो शिव्या घालायला येत नाय, त्या दिवशी मी दवाखाना अर्धा टाकून त्याच्या घरी जाऊन बघून येतो.