रुमली नाव कुणाचं?

आपला तोरणमाळचा दिलीप आठवतो ना, कॉलेजातला? त्याची गंमत ऐका. घरचा आमचूर विकायला त्याने वेबसाइट काढली आणि तिला आईचं नाव दिलं, रुमली. थोड्याच दिवसांत एका साबण कंपनीच्या वकिलाचा ईमेल आला. हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे, डोमेन आमच्या ताब्यात द्या.

घाबरून तो अक्कलकुव्याला माझ्याकडे आला. "आते काय करवानं?"

"फोन लाव, खरं ते सांग," मी म्हटलं.

त्याने लावला. "साहेब, रुमली माझी आई आहे. मी साबण नाही, आमचूर विकतो."

वकील म्हणाला, "तसं लिहून पाठवा. तक्रार मागे घेऊ."

दिलीप खुशीत घरी गेला आणि आईला सगळं सांगितलं. ती त्यांच्या पावरी बोलीत म्हणाली, "ते म्हणतात नाव त्यांचं, तू म्हणतोस तुझं. मला कुणी विचारलं?"

दिलीपने विचारलं, "मग काढून टाकू?"

"राहू दे आता. पण माल चांगला पाठव. खराब निघाला, तर लोक मलाच नावं ठेवतील."